तपेलं आणि गाडगं

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर परसात उकिडवं बसून दोन भांड्यांत डोकावलो. एक तांब्याचं तपेलं, माझ्याच हातचं, आतून कल्हई न केलेलं. दुसरं मातीचं गाडगं. दोन्हींत गंगेचं पाणी. आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. शेवग्याच्या झाडापाशी ही भांडी उघडी ठेवली होती आणि रोज सकाळी बघत होतो, डासाच्या अळ्या कोणत्यात होतात ते.

"काय दिसतंय?" मी विचारलं. माझी नजर आता लांबचं धरते, जवळचं सोडते.

"काय नाय. तपेल्यात एक पान पडलंय."

"काढ मग."

"राहू द्या. गाडग्यातबी एक टाका, म्हंजी सारखं होईल."

मी शेवग्याचं एक पान तोडून गाडग्यात टाकलं. उठताना तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला आणि वर बघितलं.

"अहो, तपेलं उन्हात हाय आन गाडगं सावलीला. डास काय उन्हात मरायला येतोय? तो सावलीलाच जाणार. हे काय खरं नव्हं. जागा बदलाया पायजे."

"उद्या बदलू," मी म्हटलं आणि भट्टी पेटवायला गेलो. ती चुलीकडे गेली.

बस्स, एवढंच. त्याच दिवशी दुपारी ती गेली.

मी तांबट. हंडे, घागरी, बंब ठोकण्यात जन्म गेला. मराठी चार बुकं शिकलो, त्यातलीही अर्धी मास्तरांच्या छडीबरोबर उडून गेली. तेव्हा हे लिहिणं वाकडंतिकडं होणार. पत्रा वाकडा गेला तर मी ठोकून सरळ करतो. शब्दाचं मला तसं जमत नाही. तिला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर उतरवून ठेवतो.

मूलबाळ झालं नाही. नवस झाले, उपास झाले, डॉक्टर झाले, आणि मग दोघंही त्या विषयाला कंटाळलो. माडीवरची खोली रिकामी होती म्हणून एक भाडेकरू ठेवला. येवल्याच्या विणकराचा, साळ्याचा मुलगा. आई लहानपणीच पटकीत गेलेली, बापही पुढे वारला. चुलत्याच्या घरी माग होता आणि चुलता त्याची वाट बघत होता, की हा कधी एकदा शिक्षण सोडतो आणि पैठणीला बसतो. याच्या डोक्यात मामलेदार व्हायचं. दिवसभर एका वकिलाकडे कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात सरकारी परीक्षेचा अभ्यास. दोनदा बसला, दोनदा पडला. गणितात नाही, कायद्यात नाही. जगात काय चाललंय त्या पेपरात. शास्त्रात काय नवीन, रोगराईवर सरकार काय करतं, राज्यकारभार कसा बदलतोय, असलं सगळं त्यात विचारतात. यंदा तिसरी खेप होती आणि शेवटची. त्या परीक्षेला वयाची अट असते. यंदा गेली की पुढच्या वर्षी हा म्हातारा ठरणार. चोविशीतला म्हातारा! पण सरकारचा हिशेब तसा. मग येवला आणि माग.

ही त्याला पहिल्या दिवसापासून मामलेदार म्हणायची, तुला मामलेदार करीनच असा शब्दही देऊन बसली होती. "मामलेदार, उठा, पाणी तापलंय." "मामलेदार, लाकडं फोडता का जरा?" तो लाजायचा. मी कधी म्हटलं नाही. मी म्हणायचो, झाल्यावर म्हणेन. उगाच कशाला पोराच्या डोक्यावर आधीच पागोटं!

वकिलाकडचा शिळा पेपर तो संध्याकाळी घेऊन यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं वाचलं की ध्यानात राहतं म्हणे. मी ओट्यावर भांड्याला मठार देत बसलेलो, म्हणजे बारीक हातोडीनं ठोकून चकाकी आणत. ही दारात तांदूळ निवडत. शिळा पेपर म्हणून मी हसलो, तर म्हणाली, "शिळी भाकर चालती, मग बातमी का नाय?"

तिला वाचता येत नव्हतं. पण बातमी कानावर पडली की तिच्या डोक्यात किडा वळवळायचा. तो किडा मग पोराला बाहेर काढावा लागायचा.

एकदा त्यानं वाचलं की अमेरिकेतल्या कुणी दुर्बिणीतून नवा ग्रह शोधला. शोधून काही वर्षं झाली होती, पण परीक्षेत विचारतात. नववा ग्रह.

"नववा कसा?" ही म्हणाली. "नवग्रह तर आपल्यात पैल्यापासून हायेत."

"मावशी, आपल्या नवात सूर्य आणि चंद्र धरलेत. राहू-केतू तर ग्रहच नाहीत. त्यांच्या मोजणीत पृथ्वी धरतात."

"म्हंजी आपण ज्याच्यावर बसलोय तो बी ग्रह?"

"हो."

"मग आजवर पृथ्वीची शांत कुणीच कशी केली नाय रं? लोकास्नी सगळी पीडा तर हिच्यावरच होती."

मी हातोडी ठेवून हसलो. दुसऱ्या दिवशी गुरुजी दारावरून चालले होते तर तिनं त्यांनाही अडवलं, की या नव्या ग्रहाची शांत असते का. गुरुजी म्हणाले, "बाई, याची पीडा झालेला माणूस अजून माझ्याकडे आलेला नाही. आला की बघू."

सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा निघायचा होता तेव्हा ती मला म्हणाली, "जरा ठोकणं थांबवा, सिंधचं चाललंय." मी थांबलो. तिनं त्याला विचारलं, "वाटणी झाली म्हणतोस, मग भांडी कुणाकडं गेली?"

"भांडी नाही हो मावशी, प्रांत आहे तो."

"प्रांत असला म्हणून काय झालं? दोन भाऊ वेगळे निघाले की इहीर कुणाची, देणं कुणाच्या माथी, म्हातारीला कोण सांभाळणार, हे होतंच की."

तो हसता हसता थांबला. तिथे मोठं धरण बांधलं होतं, कालवे काढले होते, त्याचं देणं आता कुणी फेडायचं हा खरंच प्रश्न होता म्हणे. दोन दिवस तो तेच शोधत होता. वकिलालाही विचारून आला. सापडलं तेव्हा आधी तिला सांगितलं, मग जेवायला बसला.

सगळंच तिचं बरोबर असायचं असं नाही. उगाच कुणी तसं समजू नये. तिनं घातलेला घोळ तर आमच्या आळीत अजून सांगतात.

झालं असं, की तिचं माहेर घोटीचं. भाताचा मुलूख. आमच्या पोरानं वाचलं की गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाल्ला तर अंगातला जोर जातो, पाय सुजतात. ताकद सगळी कोंड्यात असते, तिला व्हिटामिन म्हणतात. ही म्हणाली, "म्हंजी आमच्या घोटीच्या म्हशी आमच्यापरीस शान्या!" आणि लगेच माहेराहून हातसडीचा लालसर तांदूळ मागवला. कैक महिने तो भात मी गिळला. चावून चावून जबडा दुखायचा. तक्रार केली की म्हणायची, "व्हिटामिन हाय." वर बघायचीसुद्धा नाही.

भातावर भागलं असतं तर बरं होतं. पुढे त्यानं वाचलं की पटकीचे जंतू तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात जगत नाहीत असं काही डॉक्टर म्हणतात. आता हे ऐकून तांबटाच्या बायकोला किती हर्ष व्हावा! आळीभर सांगत सुटली, "आमच्या मालकांच्या हातात औषध हाय." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याच आठवड्यात पेपरात आलं की ताकातही जंतू असतात. ते जंतू चांगले असतात असं पुढे लिहिलेलं होतं, पण तोवर ही उठून चुलीकडे गेली होती. रात्रीचं उरलेलं ताक तिनं कल्हई न केलेल्या तांब्याच्या तपेल्यात ओतून ठेवलं, जंतू मरावेत म्हणून.

आंबट तांब्यात ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं, विष होतं. हे जगात सगळ्यांना ठाऊक. आणि तांबटाच्या घरात तर ते पाळण्यात शिकवतात. आम्ही लोकांना भांडं विकतानाच बजावतो, बाई, यात ताक ठेवू नका, आधी कल्हई करून घ्या. आणि आमच्याच घरात सकाळी तिघांनी ते ताक प्यायलं! दुपारपर्यंत तिघं तीन कोपऱ्यांत ओकत होतो. कल्हईवाला नेमका तेव्हाच आळीत आला. बातमी कळल्यावर तो आमच्या दारापुढे उभा राहून ओरडला, "तांबटाच्या घरी कल्हई पाहिजे का कल्हई!" आळी हसून लोळली.

संध्याकाळी जरा बसता यायला लागलं, तशी ही भिंतीला टेकून मामलेदाराला म्हणाली, "मग मला येक सांग. तांबं जंतूस्नी मारतं का माणसास्नी?"

"दोघांनाही, असं दिसतंय," तो पोट धरून म्हणाला.

"दिसतंय म्हंजी? बघायला नको?"

तिथून त्या दोन भांड्यांचं निघालं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्याला काचेचं यंत्र लागतं. पण हिवतापाचा डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या नुसत्या डोळ्यांना दिसतात, हे त्यानंच तिला वाचून दाखवलं होतं. नगरपालिकेची माणसं घरोघर फिरून साठलेल्या पाण्यावर रॉकेल टाकायची ती त्यासाठीच. ती म्हणाली, "मग अळ्याच बघू. तांब्यात होत्यात का नाय." त्यानं पुस्तकात शोधलं, वकिलाला विचारलं, कुणाला सांगता येईना. म्हणून तपेलं आणि गाडगं परसात गेलं. रॉकेलवाला आला की ही दोन्ही भांडी पदराखाली झाकून बसायची. त्याला म्हणायची, "जा रं पुढं, हितं परीक्षा चाललीय."

लेखी झालं की तोंडी असते, साहेबांसमोर. तिची त्याला धास्ती. गंगापूरच्या रस्त्याला पेरूच्या बागा आहेत, तिकडे एकटाच बडबडत फिरायचा. माळी त्याला वेडा समजायचे. मग हिनंच साहेब व्हायचं ठरवलं. माझा नवा हंडा उपडा घालून त्यावर बसली, माझं पागोटं डोक्यावर चढवलं.

"बोला मामलेदार. तुमच्या तालुक्यात पटकी आली. काय कराल?"

"वरिष्ठांना कळवीन, साहेब."

"कळवा. तवर माणसं मरू द्यात."

"नाही... आधी विहिरींत लाल औषध टाकायला लावीन. मग टोचणीवाल्या डॉक्टरांना बोलावीन."

"लोक टोचून घेत नायत. पळून जात्यात."

"मी आधी स्वतःला टोचून घेईन. सगळ्यांच्या देखत."

साहेबानं पागोटं सारखं केलं. "आस्सं. आमचे मालक पळून गेले व्हते, प्लेगाच्या टोचणीला. गंगेपल्याड जाऊन बसले व्हते." हे खरं आहे. पण साहेबानं ते परीक्षेत काढायची काय गरज होती?

मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई नाही, वडील नाहीत," तो म्हणाला. "नाशकात मावशी आहे."

साहेब पागोटं काढून खाली उतरला. नाक ओढलं आणि म्हणाला, "सायेबाला रडू आलं तर मार्क वाढतात का रं?" आम्ही हसलो. पण ती हसत नव्हती. "ऐक मामलेदार. मी मेल्यावर मला अग्नी तू द्यायचा. यांचे हात जन्मभर भट्टीत भाजल्यात, आणिक येक आग कशाला?"

"आणि मी आधी गेलो तर?" मी म्हटलं.

"तरीबी त्योच. तुमचं म्या ठरवून टाकलंय."

तो 'हो' म्हणाला. तिच्या पायाला हात लावून 'हो' म्हणाला. मी पागोटं झटकून ठेवलं आणि कामाला लागलो. असल्या गोष्टी आपल्याकडे बोलल्या जातात, कोण ध्यानात ठेवतं?

आता त्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गाडीनं मुंबईला जायचं होतं आणि परवा परीक्षा. तो माडीवर ट्रंक भरत होता. ही त्याच्यासाठी दशम्या करत होती. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकणाऱ्या. मी भट्टीवर. तांबटाचे कान बहिरे होतात म्हणतात. माझेही झालेत. पण चुलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत असला की तो मला हातोड्याखालूनही ऐकू यायचा. त्या दुपारी तो थांबला. थोडा वेळ वाट बघितली. मग आत गेलो.

ती भिंतीला टेकून बसली होती. हाताला पीठ. तव्यावरची दशमी करपत होती. मी आधी तवा उतरवला. का उतरवला कोण जाणे. मग तिला हाक मारली. मग माडीवर हाक मारली.

डॉक्टर आले. काळीज बंद पडलं म्हणाले. पोरगा त्यांना विचारत राहिला, कशानं, कसं, आधी कळलं असतं का, तिच्यासारखाच. डॉक्टर चांगला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते आम्हालाही अजून नीट कळत नाही."

आळी जमली. बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. मी ओट्यावर बसून होतो. उठवलं की उठायचं, बसवलं की बसायचं. तिरडी बांधून झाली. बघतो तर हा ओल्या धोतरानं, उघडा, हातात विस्तवाचं मडकं धरून दारात उभा. जो मडकं धरतो तोच अग्नी देतो.

आळीतले एक म्हातारे, आमच्या जातीचे पंच, पुढे झाले. "हे काय? हा कोण लागतो?"

"मावशीनं सांगितलंय," तो म्हणाला.

"मावशीनं सांगितलं असेल, जातीनं नाही सांगितलं. साळ्याच्या हातून तांबटाच्या बाईला अग्नी? हसतील लोक."

दुसरा म्हणाला, देऊ द्या, तिची इच्छा. तिसरा म्हणाला, दोघांची जात काही फार लांब नाही. बायका आतून बोलायला लागल्या. जातीवरून अशी जुंपली की मेलेली तशीच राहिली. गुरुजी बिचारे मधे उभे. ते एवढंच म्हणाले, "जातीचं तुम्ही बघा. पण जो अग्नी देईल त्यानं दहावं होईपर्यंत गाव सोडायचं नाही. रोज गंगेवर यायचं. मग मला मधेच नाही म्हणून सांगू नका."

हे कुणी ऐकलं नाही. सगळे जातीतच अडकले होते. मी ऐकलं. आणि माझं डोकं एकदम जागेवर आलं. उद्या सकाळची गाडी. परवा परीक्षा. पुढच्या वर्षी हा म्हातारा.

मी उठलो आणि त्याच्या हातातल्या मडक्याला हात घातला. "सोड."

"काका, मी शब्द दिलाय."

"सोड म्हणतो ना."

त्यानं सोडलं. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या थोबाडीत मारली. पंच म्हणाले, "शाबास, शहाणपणा केलास."

"शाबासकी तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं, "आणि तुमची जात चुलीत घाला. चला आता."

गंगेवर मीच अग्नी दिला. हात भाजले नाहीत. भाजले असते तर मला कळलं नसतं. तो लांब पायऱ्यांवर उभा होता. जवळ आला नाही. परत येताना सगळ्यांच्या मागून चालला.

घरात चूल पेटायची नव्हती. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली. मी दोन घास खाल्ले. पोटाला कळत नाही कोण गेलं ते. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, ताटाकडे बघत नव्हता.

"जेव," मी म्हटलं.

"मी साळ्याचा म्हणून ना?" तो म्हणाला. "सरळ सांगा. मला राग नाही."

"राग नाही तर मग तोंड असं का केलंयस? तुला ऐकू आलं नाही गुरुजी काय म्हणाले ते? दहावं होईपर्यंत इथून हलायचं नाही. परीक्षेला कोण जाणार होतं? तुझा चुलता?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. एवढं शिकलेलं पोर, आणि दुःखात गाडीची वेळ विसरलं.

"परीक्षा गेली खड्ड्यात," तो म्हणाला.

"तुझी एकट्याची असती तर मीही म्हटलं असतं, घाल खड्ड्यात. ती बाई हंड्यावर बसली होती माझं पागोटं घालून."

"पण मी शब्द दिला होता तिला."

"तिनंही दिला होता की. तुला मामलेदार करीन म्हणून. दोन्ही शब्द एकाच दिवशी पुरे करायला आले. तुला दोन झेपणार नव्हते. एक मी घेतला." मला याच्याहून जास्त बोलता येईना. "ती असती तरी हेच म्हणाली असती. नसती म्हणाली तर भांडलो असतो."

तो उठला. ताट तसंच ठेवून माडीवर गेला. थोड्या वेळानं मी वर डोकावलो तर ट्रंक उघडी होती आणि कपडे बाहेर काढून खुंटीला लावलेले होते. जाणार नव्हता. त्याला ओढून नेण्याचं बळ माझ्यात नव्हतं आणि तसं नेलेलं माणूस परीक्षेत काय लिहिणार?

सकाळी उठलो तेव्हा तो ओट्यावर बसलेला होता, कालच्याच धोतरात. टांगा आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. स्टेशन लांब आहे. त्याला तसाच सोडून मी मागे परसात गेलो. दुसरं कुठे जाणार? चूल थंड होती. भट्टी पेटवायची नव्हती. रोज सकाळी जिथे जायचो तिथेच पाय गेले.

उकिडवा बसलो. तपेल्यात बघितलं, पाणी दिसलं. गाडग्यात बघितलं, पाणी दिसलं. काहीतरी हलल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या डोळ्यांत की पाण्यात, सांगता येईना. मला जवळचं दिसत नाही. बघायचं काम तिचं होतं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला जाणून घ्यायचं होतं. अळ्या आहेत की नाहीत?

"मामलेदार!" मी हाक मारली. "जरा इकडे या."

पहिल्यांदाच म्हटलं. तो दारात येऊन उभा राहिला.

"मला दिसत नाही. बघ काय आहे ते."

तो शेजारी उकिडवा बसला. आधी नुसताच बसला. मग हळूहळू गाडग्यावर वाकला.

"आहेत," तो म्हणाला.

"काय आहेत?"

"अळ्या. बारीक आहेत. वर येतात, परत खाली जातात." त्यानं बोटानं गाडग्याच्या काठावर टिचकी मारली. "बघा, आवाज झाला की सगळ्या तळाला जातात."

"आणि तपेल्यात?"

तो तपेल्यावर वाकला. मान इकडे केली, तिकडे केली. पान बोटानं बाजूला सारलं. "एकही नाही."

"म्हणजे तांब्यानं मारल्या?"

"तसं म्हणता येणार नाही, काका." आवाज बदलला होता. परीक्षेतला आवाज. "तपेलं उन्हात आहे आणि गाडगं सावलीला. डासानं तपेल्यात अंडी घातलीच नसतील. मग तांब्यानं मारलं असं कसं म्हणणार? दोन गोष्टी एकदम बदलल्या तर..."

तो बोलता बोलता थांबला.

"काल सकाळी तीही हेच म्हणाली," मी म्हटलं. "इथेच बसून. जागा बदलायला पाहिजे म्हणाली."

तेव्हा तो रडला. तपेल्याच्या काठाला धरून, आवाज न करता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर टांग्याच्या घोड्याचा आवाज आला तसा तो उठला. विहिरीवर दोन बादल्या अंगावर ओतून घेतल्या आणि माडीवर गेला.

मी दशम्या फडक्यात बांधत होतो तर शेजारीण म्हणाली, "अहो, घरात मयत झाली त्या वेळचं अन्न टाकून देतात." म्हटलं, "बाई, ती जिवंत असताना केल्यात." मी गाठ मारली. फिरकीचा तांब्या पाण्यानं भरला, झाकण घट्ट पिळलं आणि त्याच्या हातात दिला. तो पाया पडायला वाकला. मी म्हटलं, सुतकात मला शिवू नको, जा. मग शिवू दिलं. गेली खड्ड्यात ती शिवाशिव.

"काका, मी आलो की बघू," तो टांग्यातून म्हणाला. कशाबद्दल ते मी विचारलं नाही. भांड्यांबद्दल, मला ठाऊक होतं. दोन्ही परीक्षांचा निकाल अजून लागायचा आहे.

टांगा वळल्यावर मी परसात आलो. गाडग्यातलं पाणी अळ्यांसकट कोरड्या मातीत ओतलं. तपेल्यातलं ओतलं. दोन्ही भांडी धुतली. तपेल्याला चिंच लावली नाही. कालपर्यंत जसं होतं तसंच राहायला पाहिजे. घरात गंगेच्या पाण्याची एक कळशी भरलेली होती, आदल्या सकाळी तिनंच आणलेली. ती दोन्हींत सारखी वाटली. मग गाडगं उचलून उन्हात ठेवलं आणि तपेलं शेवग्याखाली सावलीला. दोन्हींत एक एक पान टाकलं.